दोन शेजारी बाप

(आंजी (मोठी) येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या व्याख्यानाचे काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी नोकरी खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांत मुलांकडून पाढे म्हणवून घेण्यात गेली. वाङ्मयावर अधिकारवाणीने बोलावे, अशी आमची योग्यता नाही. परंतु एक पुस्तक मनात घर करून बसले आहे. त्याविषयी आपल्या माणसांत एकदा मोकळे व्हावे, अशी इच्छा होती. म्हणून हे आमंत्रण स्वीकारले.

पुस्तक दूरदेशीचे आहे. आपल्या संमेलनात गुणवंत मुलांचा सत्कार होतो, वधूवरांचा परिचय होतो, समाजभवनाच्या निधीचा हिशेब वाचला जातो. अशा जागी दक्षिण आफ्रिकेतील कादंबरीचे काय काम, असे कोणास वाटल्यास त्यात नवल नाही. श्रोत्यांनी थोडा धीर धरावा. ही कथा आपल्याच गल्लीतील आहे, असे शेवटी आपणांसही वाटेल, अशी आमची उमेद आहे.

हे पुस्तक आमच्या हाती कसे आले, ते प्रथम सांगतो. आमच्या धाकट्या बंधूंची मुलगी नागपूरला महाविद्यालयात शिकत होती. २०२० साली टाळेबंदी लागली, तेव्हा ती आपली पुस्तके घेऊन गावी आली. त्यांत ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ या नावाची एक इंग्रजी कादंबरी होती. ‘माझ्या लाडक्या देशा, रड’ असा त्या नावाचा साधारण अर्थ. “मोठे बाबा, हे तुम्ही वाचाच,” एवढे म्हणून तिने ते आमच्या बाजेवर ठेविले. तिने ते आम्हांसच का दिले, हे त्या वेळी उमगले नाही. शब्दकोश उशाशी घेऊन आम्ही वाचावयास बसलो. इंग्रजी सोपे आहे; बायबलासारखी लहान लहान वाक्ये आहेत. तरीही पुस्तक संपावयास आम्हांस काही महिने लागले.

या कादंबरीचे कर्ते ॲलन पेटन. त्यांचा जन्म १९०३ साली दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातील पीटरमारित्झबर्ग शहरी झाला. हे नाव आपल्या कानांस नवे नसावे. याच शहराच्या स्थानकावर १८९३ साली तरुण बॅरिस्टर गांधी यांना, केवळ कातडीच्या रंगापायी, आगगाडीतून खाली उतरविले होते. पेटन हे गोऱ्या कुळातील, आणि पेशाने शिक्षक. म्हणून त्यांच्याविषयी आम्हांस विशेष आपुलकी वाटते. प्रथम त्यांनी इक्सोपो नावाच्या लहानशा गावी शाळेत शिकविले. पुढे १९३५ साली ते जोहान्सबर्गजवळील डीपक्लूफ येथील सुधारगृहाचे प्रमुख झाले. तेथे गुन्हेगार ठरलेली काळी मुले ठेवीत. पेटन यांनी काटेरी कुंपण काढविले, फुलझाडे लावविली, आणि भरवशाच्या मुलांना घरी जाऊन येण्याची रजा देण्याचा पाठ घातला. मुलावर विश्वास टाकला म्हणजे मूल त्या विश्वासास जागते, हा त्यांचा अनुभव. आम्ही चौतीस वर्षे शाळेत काढली. आमचाही अनुभव बहुतांशी असाच आहे.

१९४६ साली ते देशोदेशींचे तुरुंग व सुधारगृहे पाहावयास निघाले. नॉर्वे देशातील ट्रॉन्डहाइम शहरी असताना त्यांना घराची फार आठवण झाली, व तेथेच त्यांनी ही कादंबरी लिहावयास घेतली. प्रवास करीत करीत त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे ती पुरी केली. १९४८ च्या फेब्रुवारीत ती न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी काही दिवस, ३० जानेवारीस, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली होती. आणि त्याच वर्षी मे महिन्यातील निवडणुकीनंतर दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचा अंमल कायद्याने पक्का होऊ लागला. असे ते वर्ष होते. पुढे पेटन यांनी त्या अंमलाशी उघड विरोध केला. १९६० साली सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले. १९८८ साली ते वारले. सर्व रंगांच्या प्रौढांनी मिळून केलेले १९९४ सालचे पहिले मतदान पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आता कथा सांगतो.

इक्सोपोच्या पुढे डोंगरांच्या कुशीत न्डोत्शेनी नावाचे एक काळ्यांचे खेडे आहे. वर टेकडीवर हिरवेगार गवत, पाणी, आणि गोऱ्यांचे मोठमोठे मळे. खाली खोऱ्यात धुपून गेलेली तांबडी माती. गुरे अधिक, चारा थोडा, मका गुडघ्यापलीकडे वाढत नाही. १९१३ च्या कायद्याने त्या देशातील काळ्या रहिवाशांच्या वाट्यास साऱ्या भूमीचा सुमारे ७ टक्के भाग ठेविला होता. तेव्हा खोरे ओसाड होणार नाही तर काय? तरुण माणसे सोन्याच्या खाणींकडे व शहराकडे निघून जातात. मागे म्हातारे, बाया आणि पोरे उरतात. आपल्या भागातील कोरडवाहू गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र निराळे समजावून द्यावयास नको.

त्या खेड्यात स्टीफन कुमालो नावाचा एक वृद्ध काळा धर्मोपदेशक राहतो. त्याची बहीण शहरात गेली, ती परत आली नाही. बहिणीला शोधावयास एकुलता एक मुलगा अब्सालोम गेला. तोही परत आला नाही. एके दिवशी जोहान्सबर्गहून पत्र येते की, बहीण फार आजारी आहे, निघून या. पती-पत्नी डबा उघडतात. मुलाच्या शिक्षणासाठी साठविलेले पैसे त्यात आहेत. मुलगा आता त्या शाळेत कधीच जाणार नाही, हे दोघांसही ठाऊक असते. पण तसे म्हणावयास जीभ उचलत नाही. शेवटी तेच पैसे घेऊन म्हातारा निघतो.

शहरात बहीण सापडते. तिचा आजार शरीराचा नसतो. ती वाईट धंद्यास लागलेली असते. मग मुलाचा शोध सुरू होतो. म्सिमांगू नावाचा एक भला धर्मोपदेशक कुमालोस घेऊन दारोदार हिंडतो. आज येथे होता, काल तेथे होता, सुधारगृहात होता, सुटला, एका मुलीबरोबर राहत होता, ती मुलगी गरोदर आहे, अशा एकेक बातम्या लागत जातात; आणि प्रत्येक बातमीसरशी म्हातारा अधिकच वाकत जातो. शेवटी मुलगा सापडतो तो तुरुंगात. चोरीसाठी तो दोघा सोबत्यांसह एका घरात शिरला असता घरधनी अकस्मात समोर आला. भेदरून अब्सालोमने पिस्तूल झाडले, आणि घरधनी ठार झाला.

मारला गेलेला तो गृहस्थ म्हणजे आर्थर जार्विस. काळ्या लोकांस न्याय मिळावा म्हणून झटणारा, लेख लिहिणारा हा गोरा तरुण. आणि न्डोत्शेनीच्या माथ्यावर ज्यांचा मळा आहे त्या जेम्स जार्विस यांचा एकुलता एक मुलगा. श्रोतेहो, येथे कथेचा पीळ ध्यानात घ्यावा. ज्याचा मुलगा मारला गेला आणि ज्याच्या मुलाने मारले, ते दोघे एकाच खोऱ्याचे शेजारी. एक टेकडीवर, एक खाली. रोज एकाच वाटेने जाणारे. परंतु वर्षानुवर्षांत दोघांत शब्दाची देवघेव झालेली नाही.

जेम्स जार्विस हा काही साधुपुरुष नव्हे. चांगला शेतकरी, कुटुंबवत्सल, आपल्या कामाशी काम ठेवणारा. खाली खोऱ्यात लोक कसे राहतात, याचा त्याने कधी फारसा विचार केलेला नाही. मुलाच्या अंत्यविधीस तो शहरात येतो. मुलाच्या अभ्यासिकेत बसतो. भिंतीवर अब्राहम लिंकन यांचे चित्र, कपाटात त्यांच्याविषयीची पुस्तके, आणि मेजावर मुलाचा अपुरा राहिलेला लेख. बाप तो वाचतो. आपल्या पोटच्या मुलास आपण कधी ओळखलेच नव्हते, असे त्यास कळून येते. मुलगा गेल्यावर त्याची ओळख व्हावी, यापरते दुःख कोणते? आम्ही हे प्रकरण तीनदा वाचले.

आणि मग दोघांची गाठ पडते. आपल्या गावच्या कोणा माणसाच्या मुलीची चौकशी करावयास कुमालो एका गोऱ्या घरी जातो. दार उघडतो तो नेमका जार्विस. कुमालो त्यास ओळखतो, आणि त्याचे पाय गळतात. तो पायरीवरच बसतो. काठी एकीकडे, टोपी एकीकडे. म्हातारा आजारी आहे की काय, हे जार्विसला कळत नाही. अखेर कुमालो कसाबसा सांगतो की, आपल्या मुलास मारणारा तो माझा मुलगा. जार्विस काही वेळ बागेत फिरतो, परत येतो, आणि आपल्या मनात राग नाही, असे म्हणतो. ‘मी क्षमा केली’ असे तो म्हणत नाही. त्या घटकेस त्यास तसे म्हणता आले नसते, हे लेखकाने नेमके ओळखले आहे.

न्यायासनापुढे सोबती नाकबूल होऊन सुटतात. खरे बोलणाऱ्या अब्सालोमला फाशीची शिक्षा होते. तुरुंगातच त्याचे त्या गरोदर मुलीशी लग्न लागते. निघावयाच्या आदल्या रात्री बहीण आपले लहान मूल मागे ठेवून नाहीशी होते. मुलास आणावयास गेलेला म्हातारा सुनेस आणि भाच्यास घेऊन गावी परततो.

आतापर्यंतची कथा दुःखाची झाली. परंतु आमच्या मते कादंबरीचे सार पुढेच आहे.

खोऱ्यात अवर्षण पडले आहे. एके दिवशी जार्विसचा लहानगा नातू, मारल्या गेलेल्या आर्थरचा मुलगा, घोड्यावर बसून कुमालोच्या घरी येतो व प्यावयास थंड दूध मागतो. कुमालो म्हणतो की, गावात दूध नाही. मग लहान मुले काय करतात, असे ते पोर विचारते. मुले मरतात, असे त्यास कळते. त्याच दिवशी सायंकाळी टेकडीवरून गाडी येते आणि त्यात दुधाच्या बरण्या असतात. शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठी गवत उगवेपर्यंत रोज दूध येईल, असा जार्विसचा निरोप असतो. चिठ्ठी नाही, भाषण नाही, क्षमेचा शब्द नाही. दूध तेवढे आले.

पुढे एकदा वादळी पावसात जार्विस त्या गळक्या प्रार्थनागृहात आसऱ्यास येतो. वरून पाणी ठिबकत असते आणि दोघे बाप बाकांवर अंग चोरून बसलेले असतात. मुलाला दया मिळाली काय, असे जार्विस विचारतो. मिळाली नाही, असे कुमालो सांगतो. नंतर जार्विस शेतीचा एक शिकलेला काळा तरुण गावात आणून ठेवितो. पाणी अडविण्यासाठी बंधाऱ्याच्या जागेवर काठ्या रोवल्या जातात. अशात जार्विसची पत्नी वारते. ज्याचा मुलगा फासाच्या वाटेवर आहे, तो कुमालो त्या घरी सांत्वनाचे पत्र धाडतो, आणि खेड्यातील माणसे फुलांचे चक्र करून पाठवितात. कुमालोने हे गाव सोडून दूर जावे, असे त्याचे वरिष्ठ त्यास सांगतात. नेमके त्याच वेळी, गावास नवे प्रार्थनागृह बांधून द्यावयाचे आहे, असे जार्विसचे पत्र येते. वरिष्ठ आपला विचार बदलतात. शेवटी फाशीच्या आदल्या संध्याकाळी कुमालो डोंगर चढून एकटा रात्र काढावयास निघतो. वाटेत जार्विस भेटतो. अंधारात दोघे थोडे बोलतात, आणि निराळे होतात. पहाट होते. येथे कथा संपते.

श्रोतेहो, या कादंबरीवर एक आक्षेप घेता येतो, आणि तो आम्हांसही खरा वाटतो. जार्विसने दूध दिले, जमीन दिली नाही. ज्या कायद्याने खोरे उपाशी ठेविले, तो कायदा तसाच राहिला. विशेष हे की, हा आक्षेप स्वतः लेखकानेच पुस्तकात घातला आहे. शेतीचा तो तरुण म्हाताऱ्यास नम्रपणे, पण स्पष्ट सांगतो की, गोऱ्याचे उपकार मानू, मात्र ही दैना मुळात कोणी केली हेही विसरू नये. क्षमा ही न्यायाच्या बदली घ्यावयाची वस्तू नव्हे. अब्सालोमचा खटला चाललाच, शिक्षा झालीच. क्षमेने गुन्हा पुसला जात नाही. तिने एवढेच होते की, गुन्ह्यानंतरही त्या खोऱ्यात दोन घरांना राहता येते.

हे सारे पुस्तकातच घडते, असे कोणी म्हणेल. तसे नाही. त्याच दक्षिण आफ्रिकेत १९९३ साली ॲमी बील या अमेरिकन विद्यार्थिनीस केपटाउनजवळ जमावाने ठार मारले. ती वर्णभेदाच्या विरुद्धच काम करीत होती. पुढे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगापुढे तिच्या मारेकऱ्यांनी माफीचा अर्ज केला, तेव्हा तिच्या आईबापांनी त्यास विरोध केला नाही. १९९८ साली ते सुटले. त्यांपैकी दोघे नंतर तिच्याच नावे चाललेल्या संस्थेत काम करू लागले.

आणि इतके दूर तरी कशास जावे? नागपूर येथूनच आहे. गांधीजींचे तृतीय चिरंजीव रामदास गांधी हे नागपूरला राहत असत. पित्याच्या चितेस अग्नी दिला तो त्यांनीच. त्याच रामदासांनी १९४९ साली तुरुंगातील नथुराम गोडसे यांना पत्र लिहिले; आणि त्यांनी व त्यांचे वडील बंधू मणिलाल यांनी मारेकऱ्यांच्या फाशीची शिक्षा कमी करावी म्हणून विनंती केली. ती मान्य झाली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. पण ज्यांचा बाप गेला, त्यांनी ती विनंती केली, ही गोष्ट राहिलीच. मणिलाल तर त्याच नाताळ प्रांतातील फिनिक्स आश्रमात राहत होते, जेथील डोंगरदऱ्यांची ही कादंबरी आहे.

आता इथवर आलो आहोत, तर आमच्या घरची गोष्ट सांगितल्यावाचून उठणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्यापैकी पुष्कळांना ती अर्धीमुर्धी ठाऊक आहे.

२००९ च्या नोव्हेंबरात, कापसाच्या हंगामात, आमचे धाकटे बंधू वर्ध्याहून मोटारसायकलीने परत येत होते. रात्रीची वेळ. रस्त्यावर कापसाने भरलेली एक ट्रॉली मागे दिवा न लावता उभी होती. त्यावर आदळून ते जागीच गेले. ती ट्रॉली आमच्या भिंतीस भिंत असलेल्या शेजाऱ्यांची होती, आणि ती उभी करून गेलेला त्यांचा मुलगा. शेजारी आपल्या ज्ञातीचे नाहीत. पण दोन घरांच्या परसांमध्ये एक लहानसे दार होते, आणि त्या दाराने ताक, विरजण, सुई-दोरा, पोरेबाळे यांची ये-जा दोन पिढ्या चाललेली होती.

मौतीच्या घरी चूल पेटत नाही. आपल्याकडे त्या दिवशी शेजाऱ्यांनी कडू घास आणावयाचा असतो. शेजारीण पिठले-भाकरीचे ताट घेऊन त्या दारात उभी राहिली. आम्ही ते ताट उंबरठ्यावरूनच परत केले. तिच्यामागे तिचे यजमान खाली मान घालून उभे होते. आम्ही त्यांना ‘या’ म्हटले नाही. तेरवी झाल्यावर गवंडी बोलावून ते दार विटांनी बुजवून टाकले. पुढे खटला चालला, व्हावयाची ती शिक्षा झाली, मुलगा गाव सोडून गेला. आमच्या मनातील खटला मात्र अकरा वर्षे उभाच राहिला. पोळ्याच्या दिवशी शेजाऱ्यांचे बैल पूर्वी पहिल्याने आमच्या दारी येत, पुरणपोळी खात, आणि आम्ही बोजारा देत असू. नंतर ते बैल आमचे घर चुकवून पलीकडच्या गल्लीने जाऊ लागले.

पुस्तक वाचून आमचे मन पालटले, असे आम्ही सांगितले तर ते खोटे होईल. पुस्तक संपले, आम्ही डोळे पुसले, आणि दार बुजलेलेच राहिले. पुस्तकातील शेजाऱ्यावर प्रेम करणे सोपे असते.

२०२१ च्या एप्रिलात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, शेजारीणबाई वारल्या. त्या दिवसांत कोणी कोणाच्या दारात जात नव्हते. सोयरे आले नाहीत, ज्ञातीची माणसे आली नाहीत, मुलास बाहेरगावाहून निघता आले नाही. संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो होतो. आमच्या घरी धाकटी भावजय भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही, अशी जुनी चाल. परंतु त्या संध्याकाळी ती ताट घेऊन आमच्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “त्यांच्या घरी आज चूल पेटली नाही. कोणी येणार नाही. तुम्ही नेऊन द्या.”

ताटात पिठले आणि भाकरी होती. जिचे कुंकू गेले, तिने ते केले होते. अकरा वर्षे आम्ही जो राग राखून ठेविला, तो वास्तविक आमचा नव्हताच. राग धरावयाचा अधिकार होता तर तिचा. आणि ती पिठले हाटून बसली होती. पुतणीने ते पुस्तक आम्हांस का दिले, हेही तेव्हा उमगले.

आम्ही तोंडास फडके बांधून गेलो. शेजारी अंगणात एकटे बसले होते. आम्ही ताट पुढे ठेविले आणि हातभर अंतरावर बसलो. काय बोलावे, हे आम्हां दोघांसही सुचेना. त्यांनी भाकरी मोडली, दोन घास खाल्ले, आणि म्हणाले, “गुर्जी, मीठ जराक जास्तच पडलं.” आम्हांस हसू आले आणि रडूही आले. त्यांचेही तसेच झाले. त्या रात्री आम्ही ‘क्षमा’ हा शब्द उच्चारला नाही, आणि त्यांनीही उच्चारला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट गेले. दहा दिवस जात राहिले. आमच्या मनातील गाठ सुटली ती त्या दहा दिवसांत, ताट नेता आणता, त्यापूर्वी नव्हे. आज आम्ही दोघे संध्याकाळी धाम नदीच्या बाजूस फिरावयास जातो. त्यांना ऐकू कमी येते, आम्हांस दिसते कमी. एकमेकांच्या आधाराने रस्ता ओलांडतो. बंधूंची आठवण निघते तेव्हा दोघेही गप्प होतो. ते दुःख कमी झाले आहे, असे नाही. ते एकट्याने वाहावे लागत नाही, इतकेच.

म्हणून या कादंबरीतून आम्ही जे शिकलो, ते एका वाक्यात सांगावयाचे तर असे: आधी मन स्वच्छ होते आणि मग माणूस दूध पाठवितो, असा क्रम नाही, दूध पाठविता पाठविता मन स्वच्छ होत जाते. क्षमेची वाट पाहत बसू नये. शेजाऱ्याचे कर्तव्य आधी करावे. क्षमा मागाहून आपल्या पायांनी येते. कधी येत नाही, तरी कर्तव्य वाया जात नाही.

मंडळापुढे दोन विनंत्या ठेवून आम्ही संपवितो.

पहिली विनंती मंडळाच्या कार्यकर्त्यांस. आपल्यापैकी कोणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला तर मंडळाची माणसे भेटीस जातात, ही आपली चांगली रीत आहे. परंतु ज्ञातीची माणसे पोहोचावयास गाडी लागते. शेजारी भिंतीपलीकडे असतो. मडके फुटते तेव्हा प्रथम धावून येतो तो शेजारी, आणि त्याची ज्ञात आपण त्या वेळी विचारीत नाही. मग आपणही त्याच्या प्रसंगी आपली ज्ञात का आठवावी? ज्या वर्धा शहरात जमनालालजी बजाज यांनी १९२८ साली आपल्या लक्ष्मीनारायण मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी उघडले, त्या जिल्ह्याचे आपण रहिवासी आहोत. आपल्या भेटीच्या यादीत, आपल्या सभासदांच्या शेजारची घरेही असावीत, मग ती कोणत्याही ज्ञातीची असोत. हा ठराव आम्ही लेखी दिला आहे. कार्यकारी मंडळाने त्याचा विचार करावा.

दुसरी विनंती या सभेतील त्या कुटुंबांस, ज्यांचे धुऱ्यावरून, हिश्श्यावरून किंवा एखाद्या मरणावरून बोलणे बंद आहे. आम्ही नावे घेत नाही. आपण एकमेकांपासून दूर बसलेले आम्हांस येथून दिसत आहात. खटला असेल तो चालू द्यावा, न्याय होईल तो होऊ द्यावा. ‘मी तुला माफ केले’ असे म्हणावयास कोणी सांगत नाही. मात्र येत्या पोळ्यास आपले बैल नेताना ते घर चुकवू नये. ज्यांच्याकडे बैल उरले नाहीत, त्यांनी पुरणपोळीचे ताट न्यावे. पुढील माणूस कदाचित ते परत करील, जसे आम्ही केले होते. तरी पुढच्या वर्षी पुन्हा न्यावे.

आमच्या परसातील विटा गेल्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून काढल्या. दार जुने होते, कुजले होते. नवे अजून बसविलेले नाही. तूर्त तेथे नुसती वाट आहे, आणि आमच्या भावजयीच्या म्हणण्याप्रमाणे दाराची काही गरज नाही.